एका बोटाचं पाणी

वार्दोयो गवंडी होता, आणि गेली तीस वर्षं गुनुंग किदुलच्या चुनखडीच्या डोंगरांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधत होता. तिथली जमीन पाणी धरत नाही. कितीही पाऊस पडो, खडकातल्या फटींतून तो थेट पाताळात जातो. घरात जे पाणी येतं ते छपरावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत उतरलेलं. ते संपलं की रस्त्याकडे डोळे लावून टँकरची वाट बघायची. अशा मुलखात टाकीच्या गवंड्याला डॉक्टरइतका मान असतो, आणि वार्दोयोला तो होता.

सप्टेंबरच्या मध्यावर, तिकडच्या कोरड्या ऋतूच्या अखेरीस, वातुकेंबार वस्तीतून बू मार्तिनाहचा निरोप आला, की टाकी बघायला या. सागाची झाडं पार निष्पर्ण झाली होती आणि वाटेवर पानांचा घोटाभर थर साचला होता. मार्तिनाह अंगणातच बसली होती. साठी उलटलेली, विधवा, एकटी. टाकीच्या झाकणाला कुलूप, तोटीलाही कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला.

"रोज एक बोट पाणी जातंय, पाक," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडं पाक म्हणतात, बाईला बू.

"तुम्हाला कसं कळलं?"

तिनं उठून बोटाच्या गाठीनं टाकीच्या भिंतीवर टकटक केलं, वरून खाली. एका जागी आवाज बदलला. "हे काल इथं होतं. परवा इथं. दीड वीत पाणी उरलंय. पंधरा-सोळा दिवसांत टाकी कोरडी."

"झिरपत असेल कुठंतरी. बघतो."

"झिरपत नाही. भोक टाकीला नाहीच." तिनं हनुवटीनं खालच्या अंगाच्या घराकडे खूण केली. "भोक तिकडं आहे."

तिकडं तिची धाकटी जाऊ गियाह राहायची. नवरा समुद्रावर मासेमारीच्या बोटीवर, पदरात दोन मुली, आणि घराला टाकी नाही. टँकर आला की पाच निळी पिंपं भरून घ्यायची. गेल्या महिन्यापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. वस्तीतली माणसंही हळूहळू गियाहकडे बघेनाशी झाली होती. त्या मुलखात पाणी चोरल्याचा ठपका एकदा लागला की लेकीबाळींची लग्नं अडतात.

वार्दोयोच्या ध्यानात आलं, की आपल्याला टाकी तपासायला बोलावलेलं नाही. आपल्याला साक्षीला बोलावलंय. टाकी धड आहे असं आपण म्हणायचा अवकाश, गियाह चोर ठरणार.

"टाकी मी बांधलीय, बू," तो म्हणाला. "माझं मी बघतो. तोवर कुणाचं नाव घेऊ नका."

टाकी गोल होती, वावभर, म्हणजे पसरल्या हातांएवढी रुंद, पुरुषभर उंचीची. त्यानं बाहेरून तळापर्यंत हात फिरवला. कुठं ओल नाही, पांढरा क्षार नाही, शेवाळ नाही. मग त्यानं पन्हळीचा पाइप काढून तोंड बंद केलं, झाकणाच्या कडेनं सिमेंट थापलं आणि तोटीला आपली पाणसळीची पारदर्शक नळी जोडून ती भिंतीवर उभी बांधली. आत जेवढं पाणी तेवढंच नळीत. नळीमागं मोजपट्टी ठोकली. संध्याकाळी त्यानं पाणी कुठं आहे ते टिपून ठेवलं आणि मार्तिनाहच्या ओसरीवरच मुक्काम केला.

पहाटेची नमाज आटोपून त्यानं नळी बघितली. पाणी जागच्या जागी. गळती असती तर रात्रभरात काहीतरी उतरलं असतं. तो आत चहा प्यायला गेला, मार्तिनाहनं तळलेले नाकतोडे पुढं ठेवले, चार गोष्टी झाल्या. आठ वाजता बाहेर येऊन बघतो तर पाणी बरोब्बर एक बोट खाली.

झाकणाचं सिमेंट तसंच होतं. कुलूपही तसंच.

दुसऱ्या दिवशी तो उजाडल्यापासून नळीसमोर स्टूल टाकून बसला. ऊन चढलं. शाळेची पोरं गेली. समोर गियाह मुलींच्या वेण्या घालत होती. एकदा तिनं मान वर करून वार्दोयोकडे बघितलं आणि लगेच खाली घातली.

सात वाजून काही मिनिटं झाली असतील. नळीतलं पाणी थरथरलं.

आणि वर चढलं.

वार्दोयो पुढं झुकला. केसभर का होईना, पाणी वर चढलं होतं. क्षणभर तिथं थांबलं आणि मग झपकन खाली आलं, पहिल्यापेक्षा खाली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. आधी वर, मग खाली. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर पाणी स्थिर झालं. एक बोट गेलं होतं.

गळणारं पाणी वर चढत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पाणी वर कधी चढतं, हेही नको होतं. लहानपणी आजोळी विहीर होती. पोहरा आत बुडाला की पाणी कडेनं वर येतं, आणि भरलेला पोहरा उचलला की खाली बसतं.

"काय झालं?" मार्तिनाहनं विचारलं.

"काही नाही. मोजतोय."

तो शिडी लावून वर चढला. छिन्नीनं सिमेंट उडवलं, मार्तिनाहकडून किल्ली घेऊन झाकण उघडलं. आत दीड वितीचं काळं पाणी, त्यात त्याचं स्वतःचं डोकं, बाकी काही नाही. झाकण परत ठेवायला त्यानं तोंडाच्या काठावर हात टेकला, आणि हात तिथंच राहिला.

काठाला खाच पडली होती. बोट बसेल एवढी खोल, आतून गुळगुळीत. पिढ्यान् पिढ्या दोर घासला म्हणजे जुन्या विहिरींच्या दगडाला पडते तशी. ह्या काठावरून एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतः थापी फिरवली होती. ह्या टाकीला तोटी होती, दोर कधी लागलाच नव्हता.

खाच ओली होती.

त्या दुपारी तो गियाहच्या घरी गेला. तिनं बसायला चटई दिली, पण तोंड घट्ट मिटलेलं.

"विचारा ना, पाक," शेवटी तीच म्हणाली. "सगळे मनातल्या मनात विचारतात. तुम्ही तोंडावर विचारा."

"मी काही विचारायला आलो नाही."

"मी चोरलं असतं तर माझ्या पोरी अशा मळक्या गणवेशात शाळेत गेल्या असत्या का? आठवड्यातून एकदा धुते मी कपडे. आणि ताईंना वाटतं, मी भिंती चढून जाते!" तिचे डोळे भरून आले. "त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात चार महिने मी उशाशी बसले होते. ते नाही आठवत त्यांना."

"पिंपं किती रिकामी आहेत तुझी?"

"पाचच्या पाच. का?"

 कामाच्या बाबतीत वार्दोयो उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. भिंतीत दोष असला तर दोष सांगायचा, नसला तर नाही, मग समोरच्याला आवडो न आवडो. पण जे खरं बघितलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि जे सांगण्यासारखं होतं त्यानं ह्या पोरीचा बळी गेला असता. तो उठला आणि वरच्या घरी गेला.

"चोर नाही, बू," त्यानं मार्तिनाहला सांगितलं. "चीर आहे. तळाला, बारीक. उन्हानं सकाळी टाकी तापली की उघडते, नंतर मिटते. चूक माझी. आतून नवा गिलावा करून देतो, फुकट. तोवर पाणी गियाहच्या पिंपांत सोडावं लागेल."

मार्तिनाह त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती नव्हे?"

"नव्हे."

 संध्याकाळी मार्तिनाह स्वतः पाइपचं टोक धरून उताराला गेली. गियाहनं पाइप तिच्या हातून घेतला. पाचवं पिंप अर्धं भरेपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. मग मार्तिनाह म्हणाली, "धाकट्या पोरीच्या केसांत उवा झाल्यात. तेल पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वार्दोयो रिकाम्या टाकीत उतरला. वर गोल तोंड, त्यातून पडलेला उन्हाचा गोल तुकडा भिंतीवर. त्यानं थापी, घमेलं, कालवण्यासाठी पाण्याची बादली उतरवून घेतली होती. चीर नव्हतीच, पण केलेल्या थापेला गिलावा तर हवा. त्यानं तळ झाडला, एका अंगानं सुरुवात केली. बाहेर शाळेची पोरं ओरडत गेली. टाकीत तो आवाज फिरत राहिला आणि विरला.

मग वर काठावर काहीतरी घासलं.

त्यानं मान वर केली. तोंडातून निळं आकाश दिसत होतं. दुसरं काही नाही. घासण्याचा आवाज हळूहळू, हातभर, आणखी हातभर, असा खाली येत होता. ओल्या दोराचा.

त्याच्यापासून दोन हातांवर तळाशी काहीतरी आपटलं. कोरड्या सिमेंटवर लाकूड आपटावं तसं.

तिथं काही नव्हतं. नुसतं एक ओलं वर्तुळ उमटलं होतं, पोहऱ्याच्या बुडाएवढं.

ते उचललं गेलं. पुन्हा आपटलं. वर्तुळ ह्या खेपेला अलीकडे होतं.

वार्दोयो भिंतीला पाठ लावून उभा होता. 

तिसऱ्यांदा ते त्याच्या पायाजवळ आपटलं. आणि उचललं गेलं नाही. तिथंच राहिलं. वाट बघत.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यानं पायानं आपली बादली पुढं सरकवली. त्या वर्तुळापर्यंत.

बादलीतलं पाणी फुगलं, काठापर्यंत आलं. मग एकदम अर्ध्यावर बसलं.

दोर घासत वर गेला. जाताना काही थेंब त्याच्या कपाळावर पडले. डोंगरातल्या कुठल्याच पाण्याला नसतो एवढा गारवा होता त्यांना.

त्यानं गिलावा पुरा केला. का केला, कसा केला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर मार्तिनाहला तो म्हणाला, "दहा दिवस टाकी भरायची नाही, गिलावा धरू दे. आणि एक करा. रोज सकाळी टाकीच्या ओट्यावर तीन बादल्या भरून ठेवा."

"कशाला?"

"नव्या गिलाव्याला ओल लागते."

"बाहेरून?"

तो थापी-घमेलं आवरू लागला.  मार्तिनाहची पाठ दुखायची, म्हणून बादल्या गियाह आणून ठेवायची. आठ वाजता त्या रिकाम्या असायच्या. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींकडे बघितलं, तेवढंच. त्या दिवसापासून गियाहच्या मुली जेवायला वरच्या घरी येऊ लागल्या.

अकराव्या दिवशी वार्दोयो टाकी बघायला आला. वाटेतच त्याला कळलं होतं, की घाटात रस्ता खचल्यामुळे आठवडाभर टँकर आलेला नाही.  आपल्या थापेपायी रोज तीन बादल्या जात होत्या, आणि साडेचार पिंपांत दोन घरं.

पण दोघी जावा ओसरीवर निवांत बसल्या होत्या, समोर उकडलेले कसाव्याचे कंद. गियाहनं त्याला खडीसाखरेचा चहा आणून दिला. चहा गार होता. सकाळी केलेला उरला असेल, असं त्याला वाटलं. उन्हातून आल्यामुळे त्यानं तो घटाघटा संपवला. चहाला छपराची, सिमेंटची, पिंपाची कसलीच चव नव्हती. दगडाची होती.

"टँकर आला वाटतं?" त्यानं विचारलं.

"कुठला," मार्तिनाह म्हणाली. "शेवटचं पिंप काल रात्री संपलं."

"मग आज बादल्या?"

"ठेवल्या ना," गियाह म्हणाली. "रिकाम्याच ठेवल्या. आमच्याकडे नव्हतंच, काय करणार. ताई म्हणाल्या, निदान ठेव तरी, वाट बघायला नको कुणी." तिनं कसाव्याचा एक तुकडा त्याच्यापुढं सरकवला. "आठ वाजता बघितलं तर तिन्ही काठोकाठ भरलेल्या."

वार्दोयोच्या हातात रिकामा पेला होता. त्यानं तो खाली ठेवला.

"चहा कधी केला होता?" त्यानं विचारलं.

"चुलीवरच आहे की, त्याच पाण्याचा. तुम्ही वळणावर दिसलात ना, त्याच्या तासभर आधीपासून चढवलाय," मार्तिनाह म्हणाली. "अजून आहे, देऊ का अर्धा?"

दारातून आतली चूल दिसत होती. सागाची लाकडं ढणढण जळत होती, ज्वाळा किटलीच्या कानापर्यंत चढल्या होत्या, आणि किटलीच्या अंगावर बाहेरून दव धरलं होतं.