सत्ताविसावी नळी

जिन्यात तो माझ्यावर आदळला, तेव्हा मी त्याच्याकडे नाही, आधी त्याच्या हातातल्या बर्फाच्या पेटीकडे पाहिलं.

“अहो, हळू! हिंदकळलं की रक्त खराब होतं. मग माझ्या काय कामाचं?”

“सकाळपासून डुकरं धरतोय, मॅडम… जरा गोड बोला की!” डुकरांचा डॉक्टर म्हणाला. त्याच्या भुवईवर चिखल वाळला होता. मला हसू आवरेना.

डुकराच्या अंगात पट्टकृमीच्या अळ्या आहेत का, हे नुसत्या रक्तावरून सांगणारी चाचणी मी तीन वर्षं घडवत होते. अळ्या असतील तर गडद पिवळा रंग, नसतील तर अगदी फिका. त्यासाठी तो दर मंगळवारी गावोगावचं रक्त आणू लागला. मंगळवारी मला उठवायला हाका माराव्या लागत नाहीत, असं आई चिडवायची. मी उगाच रागवायचे.

मग चाचणीची शेवटची परीक्षा आली. चाळीस नळ्या, त्यांवर नुसते आकडे. आजारी डुक्कर कुठलं, ते त्याच्याकडच्या बंद पाकिटात. माझे निकाल जुळले की चाचणी पास… आणि त्याच्या खेपा बंद. लगेच दुसऱ्या दिवशी तो दूरच्या नेमणुकीवर निघणार होता. ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली, तो उजाडूच नये असं वाटत होतं.

एकोणचाळीस नळ्यांनी रंग दाखवला. सत्ताविसावी मात्र पाण्यासारखी! निरोगी डुकराचा फिका रंगसुद्धा नाही. तीन वर्षं पाण्यात?

त्याच्यासमोरच पाकीट फोडलं. एकोणचाळीस निकाल तंतोतंत जुळले. सत्तावीससमोर लिहिलं होतं – ‘डुक्कर नाही. मी.’

“तुमचं रक्त?” मी उसळले. “माझा जीव टांगणीला लागला होता! ही काय थट्टा?”

“थट्टा नाही हो…” त्याची मान खाली. “इतक्या दिवसांत तोंडातून शब्द फुटला नाही. म्हटलं, रक्त तरी काही बोलेल. पण तुमच्या चाचणीला मी दिसलोच नाही.”

“ती फक्त डुकराचंच रक्त ओळखते. तिला कसे दिसाल?”

“आणि… तुम्हाला?”

मी वहीत सत्ताविसाव्या आकड्यावर रेघ मारली. मला तो हवा होता, इतकंच खरं.

“नमुना बाद केलाय,” मी म्हणाले. “माणूस नाही.”

त्याने जायला उचललेली बर्फाची पेटी पुन्हा खाली ठेवली.

“नव्या नेमणुकीहून इथवर दहा तासांचा रस्ता आहे…”

“मग पहाटे निघत जा.”