पांढऱ्या खांबाची खबर

मुदीर आत जायला तयार नव्हता.

बोकडाचं नाव मुदीर, म्हणजे मुख्याध्यापक, कारण दाढी थेट त्यांच्यासारखी. शाळेला सुटी लागल्यापासून रोज दुपारी तो जुन्या खाणीच्या तोंडाशी गारव्याला बसायचा. आज मात्र बकऱ्यांना मागे ठेवून, उन्हात उभा राहून डोंगराकडे टक लावून बघत होता.

"ढकल त्याला," रौदा म्हणाली.

"तू ढकल. तू मोठी." ओशेक तिचा धाकटा भाऊ. दहा वर्षांत त्याने एकही काम पहिल्या सांगण्यात केलं नव्हतं.

त्यांची चुलतबहीण बतूल वर बघत होती. खाणीच्या छतातून बारीक धूळ गळत होती, चाळणीतून पीठ गळावं तशी. वारा तर अजिबात नव्हता.

बतूलचे वडील ओनूरकाका, रौदाचे बाबा ईसा आणि आणखी नऊ जण दूर बाभळीखाली आडवे झाले होते. गारगोटीची शीर फोडत ते महिनाभर आत आत गेले, पण हाती लागलं होतं चिमूटभर सोनं. आता उरला होता तो पांढरा खांब. ज्या जुन्या लोकांनी कधीकाळी हा डोंगर पोखरला, त्यांनी सगळी गारगोटी नेली आणि छताखाली तेवढा एक खांब सोडला. त्यात सोन्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसायचे, चांदीची करडी रेघही होती. उद्या सकाळी काका तो फोडणार होते.

"त्या लोकांना सोनं दिसलं नसेल का?" रौदाने आजोबांना विचारलं होतं.

"दिसलं असेल," कर्रारआजोबा म्हणाले होते. "म्हणून तर मला झोप येत नाही."

टॉर्च घेऊन तिघं आत गेली. जायला नको, हे तिघांनाही माहीत होतं. वीस पावलांवर खांब होता, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत एक तडा.

"जुनाच असेल," ओशेक कुजबुजला.

"कळेल," बतूल म्हणाली. "आई कॉफीच्या फुटक्या सुरईला लावते ना, तीच माती मी आणते."

तिने तड्यावर मातीचा जाड पट्टा लिंपला. ओशेक नाक खाजवत म्हणाला, "उद्या चिरली तर काका म्हणतील, वाळली म्हणून चिरली."

दोघी बघतच राहिल्या. मग रौदाने शेजारच्या अखंड दगडावर तेवढाच दुसरा पट्टा लिंपला.

पहाटे शेजारचा पट्टा जसाच्या तसा होता. तड्यावरचा मात्र मधोमध फाटला होता आणि फटीत बाभळीचा काटा सहज शिरत होता. आतून कुणी झोपेत दात खावेत तसा आवाज आला. तिघं पळत सुटली.

"बाबा, खांब हलतोय," बतूलने सांगितलं.

ओनूरकाका छिन्नीला धार लावत होते. "चिखलात खेळायचं वय राहिलंय का तुमचं? बकऱ्या हाका."

"पण काका, दोन ठिकाणी माती..." रौदा म्हणाली.

"कॉफी झाली की आम्ही आत जाणार. संपलं."

बाबा हातोड्याला चिंधी गुंडाळत म्हणाले, "रौदा, मोठ्यांच्या कामात पडू नये."

तंबूमागे बतूलच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरच्यांचं कोण ऐकतं?"

"वाटसरूचं ऐकतात," रौदा हळूच म्हणाली.

त्या डोंगरांत वाटेने आलेल्याला आधी खबर विचारतात. ती पुरी होईपर्यंत मध्ये कुणी बोलत नाही, कॉफीसुद्धा ओतत नाहीत. सांगणाऱ्याने पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं सांगायचं, ऐकणाऱ्याने ते पुढच्या विहिरीपर्यंत जसंच्या तसं न्यायचं. सांगणाऱ्याचं वय किती असावं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

तिघं टेकडीला वळसा घालून धावली आणि उंटांच्या वाटेने खाली उतरली. बाभळीपासून रीतीप्रमाणे दूर थांबून रौदाने सलाम केला.

"अगं, आत्ता तर इथंच होतीस!" कुणीतरी हसलं.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी तिचे धुळीने माखलेले पाय पाहिले. "वाटेने आलीस?"

"वाटेने आले."

"बस. काय खबर?"

"अहो, ही पोरगी..." ओनूरकाका उठू लागले. आजोबांनी जमिनीवर नुसता तळवा टेकला, तसे काका बसले.

"पाहिलेलं सांगते," रौदा म्हणाली. "मुदीर काल खाणीत शिरला नाही. वारा नसताना छतातून धूळ गळत होती. आम्ही मातीचे दोन पट्टे लिंपले, एक खांबाच्या तड्यावर, एक शेजारच्या दगडावर. शेजारचा शाबूत आहे. तड्यावरचा फाटला, काटा आत जातो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं एकच आहे. जुन्या लोकांना सोनं दिसलं असेल, तरी त्यांनी खांब सोडला. हे कर्रारआजोबांकडून ऐकलं."

"खबर पोचली," आजोबा म्हणाले. "आता कॉफी. तीन कप."

तीन पुरे व्हायच्या आत उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. आजोबांनी बिया नव्याने भाजायला घेतल्या. कॉफीत घालायचं आलं इतक्या सावकाश कुटलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. ओनूरकाका मांडीवर छिन्नी आपटत राहिले. पहिला कप झाला. दुसरा झाला.

बाबांनी हातोडा खाली ठेवला आणि ते उठले. "मी ती माती एकदा बघून येतो."

रौदाने आजोबांकडे पाहिलं.

"तिसरा कप राहिलाय, ईसा," आजोबा म्हणाले.

बाबा क्षणभर घुटमळले आणि बसले.

आधी बकऱ्यांचे कान उभे राहिले. मग बसल्या जागी जमीन हलली, आणि खाणीच्या तोंडातून पांढरा लोट बाहेर आला. तो खाली बसला तेव्हा तिथे तोंड उरलंच नव्हतं. बाबांच्या कपात गारगोटीची पूड तरंगत होती. ओनूरकाका माणसं मोजत होते. अकरा भरली, तरी पुन्हा मोजत होते.

दुपारी आवाजाच्या रोखाने एक उंटस्वार आला. "काय खबर?"

आजोबांनी ओनूरकाकांकडे बोट दाखवलं.

काकांनी घसा साफ केला. "पाहिलेलं सांगतो. डोंगर बसला. आम्ही बाहेर होतो, कारण या मुलांनी आम्हाला थांबवलं. त्याआधी त्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हणालो, चिखलात खेळू नका."

"नावं नीट सांगा. पुढच्या विहिरीवर विचारतील."

"रौदा. माझी बतूल. ओशेक."

"आणि मुदीर," ओशेक म्हणाला.

"मुदीर कुणाचा मुलगा?"

खबरीत काही गाळायचं नसतं. काका खाली मान घालून म्हणाले, "बोकड आहे. त्याला आमच्याआधी कळलं."