आयर्लंडला दोघं

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सुखदा न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या वाचनालयाच्या दारात उलटी झालेली छत्री सरळ करत उभी होती. सात वर्षं या गावात राहूनही तिनं छत्री वापरायचा हट्ट सोडला नव्हता, आणि इथल्या वाऱ्यानंही ती उलटी करायचा. शेजारी एक उंच माणूस जॅकेटवरचं पाणी झटकत होता. दोघांनी आतलं दार एकदमच ढकललं, एकदमच ‘सॉरी’ म्हणाले आणि एकदमच आत शिरले.

आत एक पांढऱ्या केसांच्या बाई हसून, माओरीत स्वागत करत पुढे आल्या. “किया ओरा. आयर्लंडच्या भाषणाला ना? हा घ्या नकाशा. एका जोडप्याला एकच हं, थोडेच उरलेत.”

“नाही, आम्ही...” तो इंग्रजीत म्हणाला.

“आम्ही दोघं—” सुखदाही म्हणाली.

पण बाई मागच्या माणसांकडे वळल्या होत्या. नकाशाचं एक टोक सुखदाच्या हातात होतं, दुसरं त्याच्या.

“अगं बाई,” ती स्वतःशीच पुटपुटली.

तो चमकला. “मराठी का?”

भाषण एका निवृत्त जोडप्याचं होतं. गाडीनं आख्खं आयर्लंड फिरून आलेल्या त्या दोघांनी शंभरेक फोटो दाखवले. सुखदानं त्यातले निम्मेच पाहिले असतील. नकाशा दोघांच्या गुडघ्यांवर पसरलेला. तो ठिकाणं शोधत बोट फिरवायचा, आणि ते बोट दक्षिणेकडे तिच्या गुडघ्याच्या बाजूला आलं की आपसूक थांबायचं, थोडं घुटमळायचं, परत वर जायचं.

त्याचं नाव देवव्रत. मूळचा ठाण्याचा, इथं संशोधन संस्थेत.

“कशावर संशोधन?”

“गवतावर. गाईंच्या.”

“आणि आयर्लंडला कशाला जायचंय तुम्हाला?”

“गवत बघायला.” तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला हसू आवरेना. गावाबाहेर मैलोन् मैल गवतच तर होतं.

तिचं कारण सरळ होतं. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिथली तिची मैत्रीण ओर्ला सप्टेंबरात कॉर्कजवळच्या आपल्या गावी लग्न करणार होती. पत्रिकेवर लिहिलं होतं, ‘सुखदा आणि सोबत एक’. सोबतीला कोणी नव्हतं. तरी एवढ्या लांब जायचंच, तर पंधरा दिवस भटकून यावं, असं तिच्या मनात होतं.

भाषण संपल्यावर नकाशाची पंचाईत झाली.

“तुम्ही ठेवा,” तो म्हणाला.

“छे, तुम्ही ठेवा. तुमचं गवत आहे त्यात.”

“मग असं करू... एक आठवडा तुमच्याकडे, एक माझ्याकडे.”

फोनवर फोटो काढला असता तरी भागलं असतं. हे दोघांनाही कळत होतं. दोघंही बोलले नाहीत.

अशा रीतीनं दर शनिवारी नकाशा हात बदलू लागला. चौकातल्या कॅफेत दोन कॉफ्या, मधे आयर्लंड. नकाशा परत येई तेव्हा त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असे. ‘इथं सील दिसतात म्हणे.’ ‘हा रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर देवाचं नाव घ्या.’ मग तिनंही लिहायला सुरुवात केली. ‘देवाचं की देवव्रतचं?’ हे लिहिल्यावर तिनं खोडरबर शोधला. मिळाला, पण तोवर विचार बदलला होता.

त्याची सहल आणि तिची सहल एक कधी झाली, ते नेमकं सांगता येणार नाही. एका शनिवारी तो ‘मी’ म्हणत होता, पुढच्या शनिवारी ‘आपण’ म्हणू लागला. ती मनाशी घोळवत बसली, आपण म्हणजे कोण? मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरानं तुम्हीसुद्धा होतं.

तिकडं भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या मिळतात, आणि सुखदाला ऑटोमॅटिकचीच सवय. देवव्रतची जुनी कोरोला गिअरची होती. जूनमधल्या एका ओलसर सकाळी तो तिला गावाबाहेर पोहांगिनाच्या खोऱ्यातल्या रस्त्यावर घेऊन गेला. दोन्ही बाजूंना मेंढ्या, समोर धुकं.

“क्लच हळू सोडा,” तो म्हणाला. गाडी उसळून बंद पडली.

“आणखी हळू सोडा.” पुन्हा बंद.

“अगं, हळू सोड ना...” आणि गाडी चालू लागली.

पुढचे दोन किलोमीटर गिअरवरच्या तिच्या हातावर त्याचा हात होता. तिसरा गिअर पडला, चौथा पडला, तरी तो हात तिथंच होता.

“पाचवा नाहीये का या गाडीला?” तिनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

“आहे. मी घाई करत नाहीये.”

त्या दिवसापासून ‘तुम्ही’ गेलं. त्याच्या जागी नेमकं काय आलं, ते मात्र सुखदाला समजेना.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कल्याणीनं तिला गाठलं. कल्याणी हॉस्पिटलात नर्स आणि सुखदाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. “तुम्ही दोघं आयर्लंडला जाताय म्हणे?”

“हो.”

“म्हणजे तुमचं ठरलं?”

“सहल ठरली.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“पंधरा दिवस एका गाडीत बसणार, आणि काही नाही?” कल्याणीनं ताटातली पुरी मोडली. “सुखदा, तुला तो आवडतो का?”

“हो.”

“त्याला तू?”

“गवताबद्दल तो फार स्पष्ट बोलतो,” सुखदा म्हणाली. “बाकी कशाबद्दल...”

खरं तर ती तरी कुठं बोलत होती? सात वर्षांत तिनं आपलं आपण सगळं जमवलं होतं: परीक्षा, नोकरी, घर, गेल्या वर्षी नागरिकत्व. जे हातात नाही ते मागायचं नाही, ही सवयच लागली होती तिला. मागितलं आणि समोरचा ‘अगं, मी तर सहज...’ म्हणाला तर?

देवव्रतनं सहलीचा तक्ता केला होता, दोघांना फोनवर उघडता येईल असा. चौदा दिवस, चौदा ओळी. डब्लिन, कॉर्क, ओर्लाचं लग्न, मग पश्चिमेचा किनारा धरून वर. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘खोल्या: २’.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुखदानं डबा उघडता उघडता तक्ता उघडला. देवव्रतही त्याच वेळी त्यात होता. त्याच्या नावाची हिरवी चौकट पानभर फिरत होती. फिरता फिरता ती ‘खोल्या’वर येऊन थांबली. बघता बघता २ पुसला गेला. चौकट रिकामी... रिकामीच. सुखदाचा घास हातातच राहिला. मग तिथं एक प्रश्नचिन्ह उमटलं. तेही गेलं. आणि पुन्हा २.

लगेच त्याचा निरोप आला. “तू आहेस का तक्त्यात?”

“आत्ताच आले,” तिनं खोटंच लिहिलं. “काय बदललंस?”

“काही नाही. स्पेलिंग.”

आकड्याचं स्पेलिंग कसलं असतं, हे तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिथं ‘१, दोन खाटांची’ असं लिहिलं, दहा सेकंद तसंच राहू दिलं आणि पुसून टाकलं. त्यानं पाहिलं असेल? पाहावं असं वाटत होतं, पाहू नये असंही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी व्हिसाचं काम निघालं. तिच्याकडे न्यूझीलंडचा पासपोर्ट, तिला काही लागत नव्हतं. त्याचा भारतीय. उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा, त्याला आणखी वेगळा व्हिसा. म्हणजे बेटाला पूर्ण फेरी मारायचा बेत बारगळला.

“तू जाऊन ये तिकडं एक दिवस,” तो म्हणाला. “मी अलीकडे थांबेन.”

“मी एकटी जाऊन काय करू?” ती पटकन बोलून गेली, आणि कॉफी ढवळत बसली.

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “हे पत्र जोडायचंय अर्जाला. कोणाबरोबर जातोय, कशासाठी, सगळं लिहावं लागतं. जरा वाच ना.”

ती वाचू लागली. तिचं नाव, तिचा पत्ता. त्यापुढे ‘नातं: मैत्रीण’. इंग्रजीतलं साधं ‘फ्रेंड’.

बरोबरच तर होतं. दुसरं काय लिहिणार होता तो? तरी तिला कुठंतरी टोचलं. मग पुढच्या ओळीकडे नजर गेली. तिच्या परतीच्या तारखेनंतर त्याचे आणखी दहा दिवस होते. आयर्लंडच्याच मेयो परगण्यातल्या एका संशोधन केंद्राला भेट.

“हे काय आहे?”

त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाला, “त्यांनी बोलावलंय. दोन वर्षांचं काम आहे. जागा बघून ये, मग सांग, असं म्हणालेत.”

“कधी बोलावलं?”

“मे महिन्यात.”

“मे महिन्यात,” ती म्हणाली. म्हणजे कॉफ्या, मेंढ्या, चौथा गिअर, सगळ्याच्या आधी. “मग मी कोण, देवव्रत? वाटेतली सोबत?”

“तसं नाहीये...”

“मग कसंय?”

तो नकाशाची घडी घालू लागला. गवताबद्दल तासभर बोलणारा माणूस. सुखदानं पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. नकाशा टेबलावरच राहिला. आठवडा कुणाचा होता, तेही तिला आठवेना.

पुढचे दहा दिवस तिला आपलाच राग समजेना. त्यानं कुठलं वचन मोडलं होतं? वचन दिलंच कुठं होतं? ओर्लानं विचारलं, “सोबत एक जण येतोय ना, नक्की?” तर ती आधी हो म्हणाली, मग नाही, मग सांगते म्हणाली. एका औषधाच्या डब्यावर तिनं दुसऱ्याच रुग्णाचं लेबल लावलं. लगेच ध्यानात आलं म्हणून बरं. तक्ता ती रोज उघडायची. त्यात कोणी काही बदलत नव्हतं. हिरवी चौकट मात्र दुपारी बारा वाजता येऊन बसायची आणि एक वाजता जायची. न हलता.

अकराव्या दिवशी दुपारी ती लवकर सुटली आणि नदीकडे चालत निघाली. मनावतू नदीवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पूल आहे. पलीकडे देवव्रतची संस्था. आपण उगीच फिरायला आलोय, असं ती पुलाच्या मध्यापर्यंत स्वतःला सांगत होती. समोरून तो येत होता, सायकल हातात धरून, चालत.

“सायकल बिघडली?” तिनं विचारलं.

“नाही. तुझ्याकडे यायला निघालो होतो. सायकलवरून फार लवकर पोचलो असतो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.”

पाण्यावरून बोचरा वारा येत होता. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले.

“त्यांची मेल आली, त्यानंतर दोन दिवसांनी तू भेटलीस,” तो म्हणाला. “तो देश कसा आहे, बघू तरी, म्हणून मी भाषणाला आलो होतो. घरी गेलो तेव्हा जावंसं वाटेनासं झालं होतं. पण सहल मात्र हवी होती. तुला सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, निर्णय तुझ्यावर टाकतोय.”

“टाकत नव्हतास?”

“टाकत होतो. म्हणूनच लाज वाटत होती.”

सुखदाला हसू आलं. हसताना डोळे का भरून आले, ते तिलाच कळलं नाही. “ते पत्र धाडलंस?”

“नाही. तो एक शब्द खोटा होता त्यात. पण खरा कुठला, ते मी एकट्यानं कसं ठरवू?” त्यानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. “मला तू आवडतेस, सुखदा. खूप. बाकी सगळ्याचा गोंधळ आहे. जावं का राहावं, तू काय म्हणशील, काही कळत नाही.”

मागून एक सायकल घंटी वाजवत आली. दोघं एकमेकांकडे सरकले. सायकल गेली, पण परत लांब व्हायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“मलाही कळत नाही,” ती हळूच म्हणाली. “ही नोकरी, हे घर... सगळं किती मेहनतीनं जमवलंय मी. ते सोडेन असं आज म्हणवत नाही मला. तू जाऊ नकोस, असंही म्हणणार नाही.”

“मग?”

“मी रजा वाढवून मागितली आहे. दहा दिवसांची. आज सकाळी.”

“कशासाठी?”

ती त्याच्या जॅकेटच्या चेनकडे बघत होती. मागायची सवय नसली, की साधं वाक्यसुद्धा किती जड होतं... “त्या केंद्राच्या लोकांना एक विचारून ठेव,” ती म्हणाली. “त्या गावात हॉस्पिटल आहे का. आणि त्यांना फार्मासिस्ट लागतात का.”

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग सायकल त्याच्या हातातून सुटली आणि कठड्यावर आपटली. त्यानं तिचे गार पडलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ती पडलेली सायकल बराच वेळ कोणी उचलली नाही.