शून्याची चाचणी

नळाचा थेंब रिकाम्या पातेल्यात टपकला आणि ती दचकली. भिंगरी मात्र हलली नाही. तिची साडेतीन वर्षांची पोर. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलेलं. पण गेला आठवडाभर ती दुपारी एकला खाटेवर टेकली की चारपर्यंत गाढ. उठायची तेव्हा ओठ सुकलेले असायचे. किलोभर वजन उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "तपासण्या सगळ्या ठीक आहेत. पाणी देत राहा."

हीच आईची कामाची वेळ. शहरातल्या झाडांना यंत्रं बांधलेली होती. कुठल्या खोडात किती पाणी चढतंय ते तिला घरबसल्या पडद्यावर दिसे. नवं यंत्र झाडावर चढवण्याआधी आठवडाभर वाळक्या लाकडाला बांधायचं, ही त्यांची रीत. तिथं शून्य दाखवलं तरच ते खरं. कचेरीत सगळे टेबलाच्या पायाला बांधत. तिनं लाकडी खाटेच्या पायाला बांधलं होतं, हाताशी होता म्हणून.

आज तिनं आलेख उघडला. शून्य नव्हतं.

रोज एकला रेघ चढत होती, चारला उतरत होती. उन्हात उभ्या झाडासारखी.

यंत्र बिघडलं असणार. तिनं दुसरं बांधलं. रेघ तिथंच.

यंत्रं बसवणाऱ्या झाडकाकांना तिनं फोन लावला.

"काका, वाळकं लाकूड पाणी ओढतं का हो?"

"ओढायला लागलं तर मी माझी काठी कुंडीत लावीन! झोप झालीय का तुझी?"

"ती कधी होते?"

"कशाला बांधलंयस यंत्र?"

"भिंगरीच्या खाटेला."

काका हसले नाहीत. "पोर कुठंय?"

तिनं फोन तसाच खाली ठेवला. भिंगरीला उचललं. उशी उचलावी तशी ती हातात आली. तिला सतरंजीवर निजवलं, लॅपटॉप खाली घेतला आणि बघत राहिली.

रेघ घसरली. निम्मी. पाव.

शून्य.

तिथंच बसून तिनं खाटेला पाठ टेकली, डोळे मिटले. घशाला कोरड पडली होती. पाणी घ्यायला उठावं, असं मनात आलं. उठवेना.

जरा वेळानं भिंगरी जागी झाली. गालांवर रंग आला होता. ती रांगत लॅपटॉपपाशी गेली, पडद्यावर बोट टेकवलं.

"आई, ही रेघ परत वर का चाललीय?"