शेवटचा खडा

फाल्गुनातली ती सकाळ होती. गंगाधर मास्तर सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उकिडवे बसून खडे निवडत होते. पांढरे, सुपारीएवढे, दिवसभर मुठीत धरले तरी जड होऊ नयेत असे. एकोणचाळीस भरले तसे त्यांनी ते पुन्हा मोजले, मग उपरण्यात बांधले, मग गाठ सोडून तिसऱ्यांदा मोजले. मास्तर शाळेत गणित शिकवत. चुकलेल्या बेरजेला छडी मारणारा हा माणूस, पण वर्षभरापूर्वी त्यांचीच एक बेरीज अशी चुकली होती की तिच्यापायी एक जीव गेला.

पाडव्याला श्रीशैलला पोचायचं म्हणून सोलापुरातली काही लिंगायत मंडळी दर साली पायी निघत. बावीस-तेवीस दिवसांची चाल. वळसंग, अक्कलकोट, दुधनी करत पुढं कानडी मुलखात आणि मग जंगलात. ही यात्रा मास्तर आणि त्यांचा मित्र चन्नवीर यांनी उभी केली होती. मास्तर सगळ्यांत पुढं चालत, चन्नवीर सगळ्यांत मागं. रीत अशी की पहाटे निघताना प्रत्येकाच्या हातात एक खडा द्यायचा आणि संध्याकाळी मुक्कामावर पोचलं की त्यानं तो तांब्याच्या हंड्यात टाकायचा. खडे पुरे भरले म्हणजे माणसं पुरी आली. लिहिणं नाही, वाचणं नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमावं असं हे काम.

चन्नवीर गिरणीत मागावर काम करायचा. अंगानं किडकिडीत, पण यात्रेत त्याच्याएवढा भक्कम माणूस नव्हता. त्याच्या काठीला घुंगरू होते. मागं पडलेल्या बाईला ते घुंगरू आपल्या पाठीमागून ऐकू आले की तिला कळायचं, आपल्यामागं अजून कुणीतरी आहे, आपण शेवटच्या नाही. कुणी अगदीच दमून बसलं तर तो त्याच्या पाठीवर नुसता तळवा टेकवायचा आणि म्हणायचा, "चला अक्का, देव हितंच हाय की." देव अजून दोनशे मैल लांब असायचा, पण ती बाई उठायची.

गेल्या साली निघताना एक्केचाळीस खडे वाटले होते. पहिल्याच दिवशी वळसंगच्या मुक्कामावर मास्तरांनी खडे मोजले. एक्केचाळीस. त्यांनी हंड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "सगळे आले. जेवायला बसा." मंडळी जेवली, भजन झालं, झोपली. पहाटे सामानाच्या गाडीजवळ चन्नवीरचं अंथरूण गुंडाळलेलंच दिसलं. मागं चालणाऱ्याला खडा द्यायची रीतच नव्हती. तो असतोच, असं सगळ्यांनी धरलेलं. वळसंगच्या अलीकडं एका ओढ्याकाठी, बाभळीखाली तो सापडला. ऊन लागलं होतं. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या, काठी मांडीवर. कुणी वेळेवर पाणी पाजलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मास्तरांच्या देखत म्हणाले.

यात्रा तिथूनच परतली. चन्नवीरला समाधी दिली तेव्हा त्याची घुंगरांची काठी त्याच्याजवळच ठेवली. मास्तरांनी वर्षभर कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. यात्रा बंद करायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण माघात चन्नवीरची बायको नीलम्मा दारात येऊन उभी राहिली. यंदा मी येणार, म्हणाली. त्यांचं ऱ्हायलेलं चालणं मी पुरं करणार. मास्तरांना नाही म्हणवेना. त्यांनी तिला एकच शब्द दिला, की यंदा कुणीही मागं राहणार नाही. आणि मागं चालायचं काम स्वतःकडं घेतलं.

तर यंदा अडतीस यात्रेकरू आणि मास्तर एकोणचाळिसावे. पुढं चालायला आणि हंडा सांभाळायला चनमल्लप्पा. हा धान्याचा व्यापारी, पोट त्याच्या अर्धा कोस पुढं चालायचं, पण स्वभावानं लोणी. मास्तरांनी आपल्या काठीला घुंगरू बांधले नाहीत. हात धजला नाही.

पहिल्या दिवशी कलत्या उन्हात ते ओढ्याशी आले. ओढ्यात घोटाभर पाणी होतं आणि तळाशी काळे गुळगुळीत गोटे. बाभळ तशीच होती. नीलम्मा थांबली, पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि पुढं निघाली. मास्तर खाली मान घालून तिच्यामागं. तिथून शंभरेक पावलं गेल्यावर त्यांना पाठीमागं बारीकसा आवाज आला. छुन्... छुन्... मास्तरांनी वळून पाहिलं. पांढरा धुळीचा रस्ता, दोन्ही अंगांनी ज्वारीची कापलेली रानं आणि कुठं चिटपाखरू नाही. बैलगाडी असेल कुठंतरी, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि पाय उचलला.

वळसंगला चनमल्लप्पानं खडे मोजले. चाळीस. त्यानं परत मोजले. चाळीसच. एकोणचाळीस पांढरे आणि एक काळा, ओला. कुणीतरी गंमत केली म्हणून हसत त्यानं तो काळा खडा रस्त्यावर भिरकावला. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी अक्कलकोटला तो हंड्यात परत होता. दिवसभराच्या उन्हातून येऊनही ओला. या वेळी चनमल्लप्पाही हसला नाही. कुणाला सांगू नका मास्तर, म्हणाला, बायामाणसं घाबरतील. घाबरला होता तो स्वतः; पहाटे त्यानंच तो खडा पुन्हा लांब फेकून दिला.

तिसऱ्या दिवशी दुधनीची लांब चाल होती. मास्तरांना पहाटेपासूनच कणकण होती. सांगितलं असतं तर गाडीत बसवलं असतं. पण गाडीत बसलेला माणूस मागं कोण राहिलं ते कसा बघणार? दुपार कलली तशी पुढची माणसं धुळीत पुसट होत गेली. मागं घुंगरू होतेच. आता ते लपूनही वाजत नव्हते. मास्तर थांबले की थांबायचे, चालले की चालायचे. भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काही होतं. आपण ज्याला विसरलो, तो आपल्याला विसरलेला नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

सूर्य बुडायला आला तेव्हा त्यांना पुढं चालवेना. रस्त्याकडेला बाभळ होती. ते तिच्याखाली बसले. बरं वाटलं. चपला काढल्या, शेजारी नीट ठेवल्या, आणि त्या नीट ठेवलेल्या चपलांकडं बघताना त्यांना कळलं की आपण काय करतोय. उठावं असं मनात आलं, पण पाय उठले नाहीत. उजेड विझत चालला होता. वाळलेल्या रानाचा वास जाऊन ओल्या मातीचा, ओढ्यातल्या गाळाचा वास आला. घुंगरू अगदी पाठीशी येऊन थांबले.

मास्तरांनी मागं पाहिलं नाही. "चन्नवीर..." ते म्हणाले, "मी तुला मोजलं नाही रे..."

मग कानाजवळ, दमलेल्या माणसाचा असतो तसा श्वास.

"उठा, मास्तर... मागं ऱ्हायची पाळी माजी हाय... तुमची न्हाय."

आणि त्यांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक तळवा टेकला. थंडगार, ओला. त्या तळव्यात जोर काहीच नव्हता. तरी मास्तर उठले. रडत, अनवाणी, लहान पोर चालतं तसे चालू लागले.

इकडं दुधनीला काय घडलं ते त्यांना मागाहून कळलं. अंधारत आलं होतं. चनमल्लप्पानं हंड्यात हात घालून खडे चाचपून मोजले. एकोणचाळीस. त्याला हायसं वाटलं, आज जादाचा खडा नव्हता. त्यानं झाकण ठेवलं आणि पानं मांडायला सांगितलं. नीलम्मा पानावर बसली नाही. मास्तर कुठं आहेत, तिनं विचारलं. असतील की इथंच, तो म्हणाला, खडे पुरे आहेत.

"मागल्या साली बी पुरेच व्हते," नीलम्मा म्हणाली.

तिनं कंदील घेतला, झाकण काढलं आणि हंडा पालथा केला. अडतीस पांढरे. एक काळा. कंदील तसाच हातात धरून ती आल्या वाटेनं निघाली, आणि चनमल्लप्पा धापा टाकत तिच्यामागं.

गावाबाहेर थोड्याच अंतरावर मास्तर समोरून येताना दिसले. मूठ आवळलेली, मुठीत त्यांचा खडा. नीलम्मानं कंदील वर केला आणि ती मास्तरांकडं नव्हे, त्यांच्या मागं बघत राहिली. चनमल्लप्पाला तिथं नुसता काळोख दिसला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, घरात कुणी आल्यावर करतात तसा. मग मास्तरांच्या पाठीमागं जाऊन तिनं त्यांच्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध हात ठेवला. अंग तापानं फणफणत होतं, पण तेवढी जागा गार होती.

"हा हात मी वळखते की," ती म्हणाली आणि तिथंच, रस्त्यात, वर्षभरात पहिल्यांदा मोकळी होऊन रडली.

ताप उतरेपर्यंत दोन दिवस यात्रा दुधनीला थांबली. निघायच्या पहाटे मास्तरांनी स्वतः सगळ्यांना खडे वाटले. मग काळा खडा घेऊन ते रस्त्यावर आले आणि सगळ्यांच्या मागं, आपल्याही मागं, तो धुळीत ठेवला. "हा तुझा, चन्नवीर," ते म्हणाले. "उशिराच देतोय." त्यांना वाटलं, आता हिशेब मिटला. गणिताच्या मास्तराला असंच वाटणार.

त्या संध्याकाळी हंड्यात काळा खडा होताच. आणि त्याच्याबरोबर आणखी एक, तांबडा, कुणीच न दिलेला.

चनमल्लप्पा हंड्यापासून मागं सरला. हा दुसरा कोण, त्यानं विचारलं. नीलम्मा पत्रावळी मांडत होती. तिनं दोन जास्त मांडल्या.

"त्येंचं कामच हाय ते," ती म्हणाली. "वाटंत मागं ऱ्हायलेलं कुणी दिसलं तर सोडून येतील व्हय?"

मग मुक्कामागणिक खडे वाढत गेले. कधी एक, कधी दोन-तीन. कुठला नदीतला, कुठला डोंगरातला. त्या वाटेवर आजवर कोण कोण बसलं होतं आणि उठलंच नव्हतं, याचा पत्ता कुणाकडं होता? यात्रेतल्या म्हाताऱ्यांना दिवसा मागून घुंगरू ऐकू यायचे, आणि नुसते घुंगरू नाहीत, पावलंही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी परत गेलं नाही. उलट यंदा कुणी मागं पडतच नाही, असं सगळे म्हणायचे. नीलम्मा रोज पत्रावळी वाढवत गेली.

श्रीशैलच्या पायथ्याशी, शेवटच्या मुक्कामावर, हंड्याचं झाकण बसेना. मास्तरांनी हंडा उपरण्यानं घट्ट बांधला आणि गेल्या साली चुकीनं म्हटलेलं तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले, "सगळे आले. जेवायला बसा." बांधण्यापूर्वी त्यांना वरच एक खडा दिसला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, बाळमुठीतच मावेल असा. त्यांनी तो नीलम्माला दाखवून परत हंड्यात ठेवला होता. पानांच्या ओळीत शेवटी तिनं एक लहानशी पत्रावळ लावली आणि तिच्यात दूधभाकरी कुस्करून ठेवली.

हंडा उशाशी घेऊन मास्तर झोपले. पहाटे उठले तेव्हा जादाच्या पत्रावळी वाढल्या तशाच होत्या. शेवटची लहान पत्रावळ तेवढी स्वच्छ होती आणि तिच्या मधोमध तो दाण्याएवढा खडा होता. हंड्याची गाठ मास्तरांनीच बांधली होती, आणि ती सुटलेली नव्हती.