बाराशे फेऱ्या

एप्रिल उजाडला की आर्लिस व्हाव्रा बारावीच्या एकेका मुलाचं गुणपत्रक पुढ्यात घेई आणि पट्टी लावून ओळ न् ओळ तपासे. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान तीन, व्यायाम दीड. नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात ती शाळेची काउन्सेलर होती, आणि एका सत्राचं अर्धं क्रेडिट कमी पडलं तरी ती मुलाला अडवी, म्हणून पोरं तिला पाठीमागे ‘अर्धं क्रेडिट’ म्हणत हे तिला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत तिची एकही चूक कुणाला सापडली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि अलीकडे थोडी लाजही वाटायला लागली होती.

यंदा पट्टी टॅरिन कोस्टलच्या नावावर अडली. दहावीच्या दुसऱ्या सत्रात पोरगी व्यायामात नापास. व्यायामाचा तास सकाळी पहिला असायचा, आणि त्या वेळी टॅरिन आईला गाडीतून डायलिसिसला सोडायला जायची. बाकी सगळे विषय तिने धडपडून काढले होते. काउंटीच्या हॉस्पिटलात तिला मदतनीस म्हणून जागाही मिळाली होती. समारंभाच्या रविवारी शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा हातात पडला तर सोमवारी रुजू, नाहीतर जागा दुसऱ्याला.

नापास व्यायाम भरून काढायची शाळेची रीत जुनी होती. जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेषेबाहेरून, बाराशे फेऱ्या. मोठ्या माणसानं टेबलाशी बसून दर फेरीला मोजणीचा क्लिकर दाबायचा आणि दर दहा फेऱ्यांना तक्त्यावर खूण करून सही ठोकायची. शाळा सुटल्यावर रोज ऐंशी, असे पंधरा दिवस. व्यायामाचे सर बेसबॉलच्या संघाबरोबर गावोगाव फिरत होते, म्हणून टेबलाशी आर्लिसच बसली.

“मिसेस व्हाव्रा, याच्यापेक्षा मला परत भूमिती द्या,” पहिल्या दिवशी टॅरिन म्हणाली.

“भूमितीत तू पास आहेस. चाल.”

आर्लिस मान खाली घालून स्वतःचं कामही उरकत असे. पावलं समोरून गेली की अंगठा दाबायचा, एवढंच. चौथ्या दिवशी टॅरिन थांबली तेव्हा क्लिकरवर एक्क्याण्णव आकडा होता.

“ऐंशीच झाल्या,” टॅरिन म्हणाली. “मी पण मोजते.”

आर्लिसनं ऐंशी मांडल्या. दुसऱ्या दिवशी तिने कागद बाजूला ठेवले आणि डोळे उघडे ठेवून बसली. टॅरिन समोरून गेली, क्लिक. ती पलीकडच्या बास्केटखाली पोचली, आणि रबरी तळव्यांचा आवाज टेबलासमोरून पुन्हा गेला. समोर कुणी नव्हतं. उंच छप्पर, लाकडी जमीन, आवाज घुमणारच, असं तिने स्वतःला बजावलं. शिपायाला सांगून तिने पंखेही बंद करवले. पंखे थांबल्यावर पावलं जास्तच स्पष्ट ऐकू आली.

आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की टॅरिन रेषेपासून चांगली हातभर लांब, जवळजवळ भिंतीला खेटून चालते आहे.

“एवढी बाहेरून कशाला? फेरी उगाच लांब पडते.”

“आतून ते चालतात ना.” टॅरिन कपाळावरचा घाम पुसत होती.

“ते कोण?”

“मला काय माहीत? मी मध्येच थांबले की मागे गर्दी होते. म्हणून थांबत नाही.” मग तिने हळूच विचारलं, “तुम्हाला पण ऐकू येतात ना?”

“पाणी पी,” आर्लिस म्हणाली.

त्यानंतर ती पावलं रोज वाढत गेली. एकामागून एक पावलं जात आणि प्रत्येक वेळी तक्त्याचा कोपरा वाऱ्यानं उचलला जाई. कधी गोठ्याचा वास येई, कधी तिच्या तरुणपणी मुली केसांवर मारत त्या फवाऱ्याचा. बाराव्या दिवशी एक चाल तिने ओळखली. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. ड्वेन सिकोरा. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला पोरगा, सत्तावीस वर्षांपूर्वी अर्ध्या क्रेडिटपायी तिने डिप्लोमाशिवाय घरी पाठवलेला. बरं, ड्वेन काही मेला नव्हता. गेल्याच आठवड्यात त्याने तिच्या गाडीचे टायर बदलले होते आणि हवामानावर गप्पा मारल्या होत्या. त्याची चाल मात्र इथे फिरत होती. आर्लिसला भीती वाटली नाही. चर्चमध्ये ऑर्गनचा पहिला सूर लागला की छातीत जसं भरून येतं, तसं तिला भरून आलं.

गुरुवारी रात्री टॅरिनचा पाय घराच्या पायरीवर मुरगळला. शुक्रवारी ती कुबड्या घेऊन आली. ऐंशी फेऱ्या बाकी होत्या.

“डॉक्टरची चिठ्ठी आणली तरी सूट शाळेचं बोर्डच देणार,” प्रिन्सिपल टिम ब्रँडल म्हणाला. “आणि बोर्ड बसतं जूनमध्ये.”

“तोवर तिची जागा गेलेली असेल, टिम.”

“नियम तूच लिहिलास, बाई.” त्याने आवाज खाली आणला. “पाच वाजता तक्ता माझ्या टेबलावर ठेव. भरलेला असला तर मी काही विचारायला येणार नाही.”

“खोटी खूण मी करणार नाही,” आर्लिस म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला.

साडेतीनला टॅरिननं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि एक फेरी मारली. दात आवळून, भिंतीचा आधार घेत. मग ती आर्लिसशेजारी बसली आणि रडायला लागली.

पावलं थांबली नव्हती.

आर्लिसनं तक्त्याच्या डोक्यावरचा नियम वाचला. फेऱ्या जिममध्ये, देखरेखीखाली, विद्यार्थिनी हजर असताना. त्या कुणाच्या पायांनी, हे लिहायचं तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

ती उभी राहिली.

“या फेऱ्या टॅरिन कोस्टलच्या नावावर मांडू का?” तिने रिकाम्या जिमला विचारलं.

सगळा आवाज थांबला. दिव्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग शेकडो पावलं एकदमच पडली.

आता ती एका ठेक्यात चालत होती. फळ्या ओळीनं दबत होत्या आणि पुन्हा वर येत होत्या. टेबल थरथरत होतं. आर्लिसचा अंगठा चालत होता आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून तक्त्यावर पडत होतं. टॅरिननं तिचं दुसरं मनगट घट्ट धरलं होतं.

“बाराशे,” आर्लिस म्हणाली तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. तिने शेवटची सही केली. “जा. टिमच्या हातात दे.”

कुबड्यांचा आवाज कॉरिडॉरमध्ये विरत गेला. जिममध्ये आर्लिस एकटी उरली.

“झालं,” ती म्हणाली. “आभारी आहे तुमची.”

पण पावलं गेली नाहीत. ती रेषा सोडून मैदानात आली, तिच्याच दिशेनं. पहिलं टेबलासमोर येऊन थांबलं. त्याच्यामागे दुसरं. मग तिसरं. पार दारापर्यंत.

दिसत कुणी नव्हतं, पण आपली पाळी येण्याची वाट पाहणारी रांग तिच्यासमोर उभी होती.

आर्लिसनं फाइल उघडली. कोरे तक्ते अकराच होते. तिने पहिला समोर सरळ ठेवला आणि पेनचं टोपण काढलं.

“एकेकानं,” ती म्हणाली. “नाव सांगा.”

सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली.