सुईखालची सुई

बोगादी रस्त्यावरच्या त्या संस्थेत द्रवाचा पातळ थर उतारावरून कसा वाहतो हे शिकायला दरवर्षी पाच तरुण संशोधक यायचे आणि पहिल्याच दिवशी पाचही जणांचा विरस व्हायचा. त्यांना वाटायचं, लेझर असेल, मोठाली यंत्रं असतील. असायची ती टेबलाएवढी तिरकी काच, तिच्यावरून पसरत येणारं ग्लिसरीनचं पाणी, आणि एक बारीक सुई. स्क्रू फिरवत सुई खाली आणायची. थरात तिचं प्रतिबिंब दिसतं. दोन्ही टोकं भेटली की थांबायचं आणि आकडा वाचायचा. तेवढा वेळ श्वास रोखायचा, कारण साध्या उच्छ्वासानेही थरावर लाट उठते. त्यांना शिकवणारी विभावरी म्हणायची, थराची जाडी काय, संगणकही सांगतो. माणसाला थराजवळ हात नेता आला पाहिजे.

ती २००४ साली सांगलीहून म्हैसूरला आली आणि विजयनगरात घर करून राहिली. इतक्या वर्षांत कन्नड तिला भाजी घेण्यापुरतं आलं. संस्थेत मात्र तिच्या वहीची भाषा सगळ्यांना समजायची. प्रत्येकाला काचेवर एक ओळ नेमून दिलेली असायची. त्या ओळीवर तीन मापं घ्यायची, आणि प्रत्येक मापापुढे विभावरी पेन्सिलीने शेरा मारायची. हात स्थिर असला तर सरळ रेघ, कापला तर नागमोडी. तीन नागमोडी झाल्या की त्या मुलाने बॅग भरायची; शिष्यवृत्तीही तिथेच संपायची. तोंडाने अपमान करण्यापेक्षा हे बरं, असं तिचं मत होतं. मुलांचं मत तिने कधी विचारलं नव्हतं.

यंदा सातव्या ओळीवरच्या ऋचाला सोमवारी एक नागमोडी मिळाली, मंगळवारी दुसरी. बाकीच्यांचं माप शून्य पूर्णांक ब्याऐंशी मिलिमीटर येत होतं, हिचं नव्वद. नाशिकची मुलगी, बोलायला धीट, पण मंगळवारी निघताना ती दारातच घुटमळली.

"मॅडम, प्रतिबिंब आधी येतं."

"म्हणजे काय?"

"मी थांबते. ते थांबत नाही."

विभावरीने तिला नीट जेवायला आणि वेळेवर झोपायला सांगितलं. मग वही मिटताना तिचा हात अडखळला. कापणारा हात कधी जास्त दाखवतो, कधी कमी. ऋचाची चूक दोन्ही दिवस तेवढीच होती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळलं असतं.

तिने गेल्या वर्षीची पानं उलटली. तिसरी ओळ, पूजिता. नव्वद, नव्वद, नव्वद. पुढे तीन नागमोडी, तिच्याच पेन्सिलीच्या. पूजिताही प्रतिबिंबाबद्दल काहीतरी सांगत होती, हे तिला आता आठवलं. तेव्हा ती घाईत होती.

पूजिता कृष्णराजनगरला एका शाळेत गणित शिकवत होती. फोनवर ती आदराने बोलली, आणि तेच जास्त लागलं. मॅडमनी स्वतः शेवटचं माप कधी घेतलं, एवढंच तिने विचारलं. विभावरीने मनात हिशेब केला. अकरा वर्षं झाली होती. शिकवणारा माणूस सहसा स्वतः करत नाही, हे तिने समजावून सांगितलं. मग पूजिता इंग्रजीत हळूच म्हणाली, "सुईकडे बघू नका, मॅडम. हाताकडे बघा. खालच्या."

बुधवारी सकाळी साडेदहाला, चांगल्या लख्ख उजेडात, विभावरीने आपलं सामान टेबलावर मांडलं. वही, पेन्सिल, चष्म्याचं घर, डबा. मग ती कुणाचीच नसलेल्या आठव्या ओळीशी जाऊन बसली. मुलं भोवती उभी राहिली. त्यांच्यातला अमेय पंखा बंद करायला गेला. तो बंदच होता.

पंप सुरू झाला. काच पुसल्यासारखी चमकली. थरात तिला आपलं कपाळ दिसलं, चष्मा दिसला, स्क्रूवरची बोटं दिसली. सगळ्यांनी श्वास रोखला.

पहिलं माप नव्वद.

दुसरं नव्वद.

तिसऱ्या वेळी टोकं भेटायच्या जरा आधी तिने स्क्रू सोडला आणि हात मांडीवर घेतला.

थरातला हात स्क्रूवरच होता.

तो सावकाश स्क्रू फिरवत होता. अंगठ्याने हळुवार रेटा देऊन, जसं ती मुलांना शिकवत आली होती तसं. खालची सुई वर आली. टेकली.

कुणीही श्वास सोडला नव्हता. तरी टेकल्या जागेतून एक लाट उठली आणि चढावर, वरच्या कडेकडे गेली. इतक्या वर्षांत विभावरीने थरातली लाट चढताना पाहिली नव्हती.

"पंप बंद करा," ती म्हणाली.

अमेय म्हणाला, रस्त्यावरून लॉरी गेली असेल. सगळ्यांनी लगेच मान डोलावली. लॉरीचा आवाज कुणी ऐकला होता का, हे कुणीच विचारलं नाही.

विभावरीने वही ओढली, ऋचाच्या दोन्ही नागमोडी खोडरबराने पुसल्या आणि तिथे सरळ रेघा मारल्या. "तू राहते आहेस," ती म्हणाली. ऋचाने मान डोलावली. मग विभावरीने वही टेबलावर ठेवली आणि शंभूरावांना काच उचलायला सांगितलं.

शंभूराव तंत्रज्ञ; त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं. "अय्यो, बिडी मॅडम, राहू द्या," ते म्हणाले. "खालून काळा रंग लावून मीच पत्र्यावर बसवलीय ती, दोन वर्षं झाली. चारी कडा सीलबंद. मध्ये कागद घालायला पण जागा नाही हो."

तरी त्यांनी सील कापलं. अमेयने दुसरी बाजू धरली आणि दोघांनी काच खिडकीशी उभी केली.

काळ्या रंगातून उजेड आला. सुईने ओरखडल्याइतक्या बारीक रेषांतून.

तिसऱ्या ओळीवर तीन. तिन्ही सरळ.

सातव्या ओळीवर दोन. सरळ.

बाकीच्या मुलांच्या ओळी कोऱ्या होत्या.

आठव्या ओळीवर एकीखाली एक, तीन नागमोडी. शेवटच्या रेषेच्या कडेला रंगाचा भुगा अजून चिकटलेला होता.

शंभूराव काच धरून तसेच उभे राहिले. नियम सगळ्यांना पाठ होता. बाकीचे त्या तीन रेषांकडे बघत होते. ऋचा तेवढी मॅडमच्या पाठीमागे, खुर्चीकडे बघत होती.

विभावरी वळली. टेबलावर वही नव्हती, पेन्सिल नव्हती, चष्म्याचं घर नव्हतं, डबा नव्हता. खुर्चीवर तिची बॅग होती. नीट भरलेली, चेन लावलेली.